गप्प बसण्याचा नवस

२४ फेब्रुवारी २००१, शनिवार

माझा जबाब बजरंगानं दिला. मी जिती असताना, तितंच बसून ज्वारी पाखडत असताना.

शिरगणतीचा मास्तर आला व्हता. त्याला बाज टाकून दिली, चहा दिला. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, दिवा कशाचा, समदं त्यानं इचारलं. मग माझ्याकडं वळून म्हणला, "आजीचा धर्म कोणता?" म्या सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, घसा खाकरला. तवर माझा ल्योक म्हणतो, "लिवा की आमचाच. एका घरात दोन कशाला?" मास्तरानं लिहूनबी टाकलं. म्या म्हणलं, "ओ मास्तर, खोडा ते." मास्तर म्हणला, "आजी, या कागदावर खाडाखोड चालत नाही." बजरंग हसला. सून अंजली चुलीत तोंड घालून बसली व्हती. ती हसली असंल तरी कोणाला दिसतं.

तीन साल झाले कयाधूच्या पाण्यात बाप्तिस्म्याची बुडी मारून. थंडीनं माझे दात वाजले त्याला साक्षीदार हायेत. आन सरकारच्या कागदावर मी तुझी न्हाई.

रामराम राहिला. जय ख्रिस्त, प्रभू. आधी तकलीफ, मग नमस्कार, माझी रीत अशीच हाय. तुला सवय असंल.

ही वही पुनमताईनं दिली. ती आमच्या पास्टरची बायको. कळमनुरीत भाड्याच्या खोलीत आमची प्रार्थना राहती, आयतवारी पंधरा-वीस माणसं. पुनमताई म्हणली, "आजी, येत्या बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस. रोज लिहा, आज देवाला काय देऊन टाकलं ते." म्या चार दिवस आगूदरच सुरू केलं. बुधवारपर्यंत राग टिकला न्हाई तर वाया जाईल.

अक्षरं मी साक्षरतेच्या वर्गात शिकले. बावीस बाया व्हत्या, दोघी पास झाल्या, त्यातली एक मेली. चुका निघाल्या तर हसू नको.

२८ फेब्रुवारी, बुधवार

पास्टर विजयकुमारनं कपाळाला राख लावली. माणूस मातीचा हाय याची आठवण राहावी म्हणून. मला आठवण कशाला पाहिजे? साठ सालं शेळ्या-मेंढरांच्या लेंड्यांत आन मातीत गेली.

मग एकेकाला इचारलं, चाळीस दिवस काय सोडणार. एकानं तंबाखू सोडली, एकीनं मटण सोडलं. म्या म्हणलं, "चहा."

पुनमताई म्हणली, "आजी, तुम्हाला चहा आवडतो?"

"न्हाई. पित्त होतं."

समदे हसले. पास्टर म्हणला, "मग नको असलेलं देवाला देता का? जे देताना दुखेल ते द्या."

बाहेर येऊन जीपमधी बसले आन इचार केला. मला काय आवडतं? खरं सांगते, मला शेवटचा शबद आवडतो. कोणी एक बोललं तर त्याला असा जबाब द्यायचा की घरी जाऊन जेवताना त्याला घास लागावा. माझा नवरा मुंजाजी म्हणायचा, "कातरीला धार लावायला बाजारात कशाला जायचं, हिच्या जिभेवर घासा."

जीप भरायला येळ व्हता. खाली उतरून पास्टरला सांगितलं, "जीभ देते." त्याला लई आनंद झाला. म्हणला, "चाळीस दिवस कडू उत्तर देऊ नका, आजी. एवढंच."

आता कडू कोणतं आन गोड कोणतं, निवडत कोण बसतं? माझ्या तोंडून गोड निघालं तरी ऐकणाऱ्याला मिरची लागती. आन नवस कधी अर्धा फेडतात का? म्या पुराच केला. घरातल्या माणसांना चाळीस दिवस जबाबच द्यायचा न्हाई. व्हय बी म्हणायचं न्हाई आन न्हाई बी म्हणायचं न्हाई. आयतवार त्या चाळीसात मोजत न्हाईत म्हणे, मीबी मोजणार न्हाई, पण आयतवारीबी सुट्टी घेणार न्हाई.

तुलाबी सांगून ठेवते. मी माझं करते, तू तुझं कर. चाळीस भरले की बजरंगानं माझ्या खोपीच्या दारात येऊन म्हणावं, "आई, चुकलो." लई न्हाई मागत.

३ मार्च

अंजलीनं सकाळी भाकर आणली. माझी खोपी घरापासून वीस पावलांवर. बुडी घेतल्यावर म्याच येगळी राहिले. कोणी जा म्हणलं न्हाई. राहा असंबी म्हणलं न्हाई. म्या तीन दिवस वाट बघून सामान हलवलं.

"आत्याबाई, ठेच्यात मीठ जास्त झालं का बघा."

म्या वाकळ झटकत राहिले.

"आत्याबाई? रुसल्या का?"

म्या झटकलेली वाकळ पुन्हा झटकली.

दुपारी ती बकऱ्यांना सांगावं तसं मोठ्यानं म्हणली, "काही लोकांच्या जिभेला सुट्टी मिळाली बाई. आमच्या कानाला आराम." माझ्यापाशी याला सात जबाब व्हते. सातीच्या साती गिळले. पोट दुखलं. हे तुला दिलं असं लिहून घे.

मीठ जास्तच झालं व्हतं.

७ मार्च

गप्प बसणं सोपं न्हाई. आधी तोंड खाजतं, मग कान मोठे होतात. आज बसल्या बसल्या समजलं की अंजली दळताना गुणगुणती. आठ साल झाले तिला येऊन, म्या कधी ऐकलं नव्हतं. मी बोलत असंल तवा.

मुंजाजी मेला तवा दवाखान्यात दोन दिवस मी त्याच्या खाटंपाशी बसून व्हते. बजरंग मेंढरं घेऊन लांब रानात, निरोप पोचायचा व्हता. जो तो येऊन शहाणपण सांगायचा. आधीच आणायचं व्हतं, बिडी सोडवायची व्हती. दुसऱ्या वार्डातल्या पेशंटला भेटायला पुनमताई आली व्हती. मला एकटी बघून ती शेजारी खाली बसली, फरशीवर. एक शबद बोलली न्हाई. संध्याकाळपर्यंत बसली. मुंजाजी गेला तवा तिचा हात माझ्या पाठीवर व्हता. तिचं नाव म्या नंतर इचारलं, आन तुझं त्याच्या नंतर.

तिचं गप्प बसणं आन माझं गप्प बसणं एकच का? असं मनात आलं. मग आलं की, असंल. गप्प म्हणजे गप्प.

१० मार्च

धुळवड. नात शिवकन्या, सात वर्षांची, रंगानं भरलेला हात घेऊन आली. "आजी, लावू?" म्या गाल पुढं केला. बोलले न्हाई, म्हणून नवस शाबूत.

ती बापाला जाऊन म्हणली, "आजीला बोलता येत न्हाई आता, पण गाल पुढं करता येतो."

बजरंग लई हसला. खोपीकडं बघितलं. आला न्हाई.

१५ मार्च, गुरुवार

आज दुपारच्या प्रार्थनेला बाभळीखाली बसले. दिवसातून तीनदा गुडघे टेकायचे असं ठरलेलं हाय, सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. बजरंग मेंढरं घेऊन गेला व्हता. बकऱ्या घरच्याच, अकरा, तितंच चरत व्हत्या. अंजली मागून कायतरी म्हणून गेली, माझं ध्यान नव्हतं. प्रार्थना आज लई चांगली लागली. म्या तुला शिरगणतीचं पुन्हा एकदा पहिल्यापास्नं सांगितलं.

डोळे उघडले तवा सावली सरकली व्हती आन बकऱ्या नव्हत्या.

शेजारच्या उत्तमरावची केळीची बाग आमच्या वस्तीला लागून हाय. नवीन लावलेली रोपं, हातभर झालेली. अकराच्या अकरा बकऱ्या तितं. उत्तमरावची बोंब आमच्या डोंगरकडा गावापर्यंत गेली असंल. अंजली डोक्यावरचा हंडा फेकून पळत गेली.

१६ मार्च, शुक्रवार

जे झालं ते लिहिते.

उत्तमराव सकाळीच आला, चार माणसं घेऊन. बजरंगाला म्हणला, "बजरंगा, मेंढरं तू राखतो आन बकऱ्या राम राखतो का?" बजरंगानं मान खाली घातली. त्याला अशी मान खाली घालताना म्या बापाच्या मातीच्या दिवशी बघितलं व्हतं.

मग तो अंजलीवर फिरला. "कोण व्हतं बकऱ्यापाशी?"

"मी आत्याबाईला सांगून गेले व्हते. 'बकऱ्याकडं बघा, पाणी घेऊन येते' म्हणून."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. बजरंग माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आई, सांगितलं व्हतं का हिनं?"

म्या गप्प.

"आई, व्हय म्हण का न्हाई म्हण."

म्या हात जोडले, वर बघितलं. नवस पंधरा दिवसांचा झाला व्हता. पंधरा दिवस असे फेकून देता येतात का?

बजरंग म्हणला, "माझी आई जिभेनं माणूस सोलून काढंल, पण खोटं बोलणार न्हाई. सांगितलं असतं तर ती व्हय म्हणली असती. अंजली, तू खोटं बोलून राहिली."

अंजलीनं त्याच्याकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं.

उत्तमराव शेवटी शांत झाला. नुकसानीपायी चार रात्री मेंढरं त्याच्या रानात फुकट बसवायची असं ठरलं. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्या-मुताचं खत होतं, त्याच्यासाठी लोक आमाला धान्य देऊन बोलावतात. तोड बराबर झाली. कोणाचं काही गेलं न्हाई.

ती काय म्हणली व्हती ते मला खरंच ध्यानात न्हाई.

१७ मार्च

अंजली माहेरी गेली, जवळा बाजारला. कोणी घालवली न्हाई, आपल्या पायानं गेली. शिवकन्येला घेऊन. जाताना खोपीच्या दारात थांबली. हातात भाकर व्हती, ताटलीखाली झाकलेली, रोजच्यावानी.

"आत्याबाई, गावापुढं मला खोटी केली. तुमचा देव खऱ्याचा हाय म्हणता ना? त्याला इचारा."

ताटली ठेवून गेली. शिवकन्या मागं बघत बघत चालली. म्या हात हलवला. हात हलवायला नवसाची आडकाठी न्हाई.

भाकर खाल्ली न्हाई. उपास तसाबी व्हता.

२१ मार्च

दुपारपर्यंत दारात बघत बसले. मग ध्यानात आलं की भाकर येणार न्हाई. रोज ध्यानात येतं, रोज दुपारपर्यंत बसते.

बजरंग संध्याकाळी मसाल्याच्या पुडीएवढ्या भाकरी करतो आन एक माझ्या दारात ठेवतो. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. बोलत न्हाई. तो बोलत न्हाई, मी बोलत न्हाई. बकऱ्याच काय त्या बोलतात.

२६ मार्च, सोमवार

आज पाडवा. समद्या वस्तीत गुढ्या, आमच्या घरावर न्हाई. गुढी अंजली उभारायची. साडी नेसवलेली काठी बघून मी दर साली म्हणायची, "काठीला नवी साडी आन सासूला जुनी." ती म्हणायची, "काठी गप्प राहती, म्हणून तिला नवी." याच्यावर समदे हसायचे. मीबी हसायची, पदरात.

पुरणपोळीचा वास चार घरांतून आला.

ऐकलं व्हतं म्या. अंजली बकऱ्यांचं म्हणली ते. पण प्रार्थनेत व्हते. प्रार्थनेत ऐकलेलं मोजायचं का न्हाई, हे पास्टरला इचारायला पाहिजे. म्हणजे इचारीन म्हणते.

३० मार्च

आज कोणीच माझ्याशी बोललं न्हाई. त्यामुळं गप्प बसायची संधीबी मिळाली न्हाई. काय लिहू, आज काय दिलं तुला?

८ एप्रिल, झावळ्यांचा आयतवार

कळमनुरीला गेले. झावळ्या धरून समदे गाणी म्हणत खोलीपास्नं रस्त्यापर्यंत गेलो आन परत आलो. प्रार्थनेच्या खोलीत मी बोलते, तितं नवस लागू न्हाई, पण आज बोलायला काही सुचलं न्हाई.

पास्टर म्हणला की तुला पकडून नेलं, खोटेनाटे आरोप केले, तरी तू तोंड उघडलं न्हाई. कातरायला आणलेलं मेंढरू गप्प राहतं, तसा राहिलास. मग समद्यांपुढं माझ्याकडं हात करून म्हणला, "आपल्या जिवनबाई आजींनी चौतीस दिवस हे करून दाखवलं." लोकांनी आलेलुया म्हणलं. एक बाई माझ्या पाया पडली.

असं वाटलं की कोणी चुकून दुसऱ्याची गाठोडी माझ्या हातात दिली.

निघताना पुनमताईनं इचारलं, "सून कशी आहे, आजी?"

"माहेरी गेली."

"का हो?"

म्या चपला शोधल्या. त्या पायातच व्हत्या. पुनमताई जीप निघेपर्यंत शेजारी उभी राहिली, दवाखान्यातल्यावानी. मला वाटलं, ही आता निघून गेली तर बरं. आन वाटलं, न जावो.

११ एप्रिल, बुधवार

आज मेंढरं कातरली. माझा चुलतदीर लखमा कातर घेऊन आला. तीन पाय दोरीनं बांधायचे, एकानं मान धरायची, एकानं कातरायचं. मान धरायला अंजली राहायची, आज मी बसले.

लखमा म्हणला, "वैनी, म्हातारी मेंढी गप्प झाली की आमी डॉक्टर बोलावतो. तुमच्यासाठी कोणाला बोलवू?" म्या मेंढीची मान आवळली.

पास्टर शहरातला. त्यानं मेंढरू कातरताना बघितलं नसंल. ते गप्प राहतं हे खरं. डोळे मोठे करतं, धापा टाकतं, ओरडत न्हाई. चौथ्या मेंढीच्या येळी लखमाचा हात चुकला, कानामागं कातर लागली, रगत आलं. तरी ती गप्प. रगत माझ्या हातावर आलं.

मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. ही गप्प हाय, पण कातर हिच्याच अंगावर चालून राहिली. लोकर हिची, कान हिचा, रगत हिचं. तूबी गप्प राहिलास तवा खिळे तुझ्याच हातात गेले. दुसऱ्याच्या न्हाई.

माझ्या अंगावर कातर कुठं चालली? माझी लोकर जागच्या जागी हाय. लोक पाया पडून राहिले. मी गप्प बसले आन कातरली गेली अंजली. मी नुस्ती मान धरून बसले व्हते.

लखमा म्हणला, "वैनी, सोडा की आता, झालं ना." म्या बघितलं तर मेंढी कातरून झाली व्हती आन मी धरूनच व्हते.

ऐकलं व्हतं म्या. प्रार्थनेत बिर्थनेत काही न्हाई. तिची पावलं ऐकली, हंडा ऐकला, "आत्याबाई, बकऱ्याकडं बघा, पाणी घेऊन येते" हे शबद न शबद ऐकलं. आन मनात म्हणलं, घे, तुझ्या नवऱ्यानं माझा जबाब दिला, आता तुलाबी जबाब मिळणार न्हाई. हे म्हणलं ते गुडघे टेकून, डोळे मिटून, तुझ्यापुढं. तू ऐकलं असशीलच. तू काहून न्हाई बोललास?

१३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

कळमनुरीला गेले न्हाई. तितं आज तुझ्या मरणाचे तीन तास बसतात. मी सकाळी घराच्या ओट्यावर जाऊन बसले. बजरंग तोंड धूत व्हता.

"बजरंगा."

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दीड महिन्यानं आवाज ऐकला. त्याचं तोंड आधी उजळलं, ते म्या बघितलं. ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

"अंजली सांगून गेली व्हती."

"काय?"

"'आत्याबाई, बकऱ्याकडं बघा, पाणी घेऊन येते.' असं."

"आन तू ऐकलं व्हतं?"

"शबद न शबद."

"मग त्या दिवशी काहून न्हाई बोलली?"

"नवस व्हता."

तो ओट्याच्या खाली बसला, मातीत. मग म्हणला, "आई, तू खोटं बोलत न्हाईस म्हणून म्या तिला खोटी म्हणलं. तुझ्या जिवावर."

याच्यावर माझ्यापाशी जबाब नव्हता. सात न्हाई, एकबी न्हाई.

"चुकले," म्या म्हणलं. हा शबद त्याच्या तोंडून ऐकायचा म्हणून मी चाळीस दिवसांचा सौदा केला व्हता. तो माझ्याच तोंडून निघाला, आन दोन दिवस आगूदर. चाळीस भरायला आज धरून दोनच दिवस व्हते. सौदा मोडला. तुझ्याकडं काही निघत न्हाई आता माझं.

मग उत्तमरावच्या केळीत गेले. तो गड्यांना पाणी कसं सोडायचं ते सांगत व्हता. म्या गड्यांपुढंच सांगितलं, बकऱ्या माझ्या हयगयीनं आल्या, सून सांगून गेली व्हती.

उत्तमराव म्हणला, "आजी, केळी फुटली पुन्हा, बघा. मेंढरांचं खतबी मिळालं. माझं काही म्हणणं न्हाई. पण पोरीचं नाव गावभर झालं, ते कसं फुटायचं पुन्हा?"

"तेच बघायला चालले."

"एकट्या?"

म्या मागं बघितलं. बजरंग बांधावर उभा व्हता. किती येळचा, ठाऊक न्हाई.

आज उपास व्हता. संध्याकाळी बजरंगानं भाकर आणून ठेवली आन या बारीला दारात बसला. दोघांनी मिळून खाल्ली. आतून कच्ची व्हती. म्या म्हणलं, "पीठ मळताना पाणी घातलं व्हतं का नुस्तं दाखवलं?" तो हसला, मग त्याचे डोळे भरले. हे कडू का गोड, तू ठरव.

१५ एप्रिल, आयतवार, जवळा बाजार

हे व्याह्याच्या ओसरीवर बसून लिहून राहिले. आज तू उठलास. कळमनुरीत आत्ता गाणी चालली असतील, पुनमताई माझी वाट बघत असंल. तुझ्या उठायच्या दिवशी मी पहिल्यांदाच तितं न्हाई.

पहाटेच्या यष्टीनं निघालो. वसमतला उतरून दुसरी धरली. बजरंगानं उसाचा रस घेऊन दिला, म्या अर्धा त्याला दिला, त्यानं परत मला दिला. तितक्यात यष्टी लागली.

अंजलीचा बाप रामकिशन भला माणूस. पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आला. शेजारच्या दोन बाया आल्या व्हत्या, पाहुणे बघून उठल्या. म्या म्हणलं, "बसा. तुमी एक बाजू ऐकली असंल, आता खरी बाजू ऐका." पाणी आधी घेतलं न्हाई. आधी बोलले.

अंजली दारात उभी व्हती, हात पिठाचे. म्या पायरीखालीच उभी राहिले.

"अंजली, तू सांगून गेली व्हतीस. म्या ऐकलं व्हतं. गप्प बसले ते रागानं बसले आन देवाचं नाव पुढं केलं. देवानं सांगितलं नव्हतं. तू खरी व्हतीस, खोटी मी व्हते. हे डोंगरकड्यातबी सांगितलं, हितंबी सांगते. मला माफ करतीस का? घरी येतीस का? न्हाई म्हणलीस तरी चालंल. मी एकटी राहायला शिकले."

ती आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज येऊन राहिला. थप, थप. मग बंद. मग पुन्हा.

मी ओसरीवर टेकले, तशी शिवकन्या माझ्या मांडीवर येऊन बसली. "आजी, तुझा नवस फिटला?"

"मोडला."

"मग आता काय होतंय?"

"आता आपण ऐकायचं."

रामकिशन म्हणला, "विहीणबाई, झालं गेलं, मोठ्या माणसानं एवढं म्हणलं, आणखी काय पाहिजे? येईल की ती. जेवा आन घेऊन जा." बजरंग लगेच म्हणला, "व्हय, व्हय, येती ती. तीनची यष्टी हाय."

थप थप थांबलं. आत ती ऐकून राहिली व्हती. मला शिरगणतीचा मास्तर आठवला, त्याचा पेन, आन माझं उघडलेलं तोंड.

म्या म्हणलं, तसंच हितं लिहिते, म्हणजे खोडता येणार न्हाई. रामकिशनव्याही, तुमी न्हाई. बजरंगा, तू तर मुळीच न्हाई. आन प्रभू, तूबी तिच्या मनात काही घालू नको. इचारलंय तिला. तीनची यष्टी जाऊ द्या, उद्याची जाऊ द्या, मी हितं ओसरीवर बसलेय. जबाब अंजलीनंच द्यायचा.